अग्बादा, फुगू की दाशिकी: एकच घ्यायचा तर

लागोस किंवा अक्राहून येताना एकच पारंपरिक अंगरखा आणायचा म्हटलं, तर निवड बहुधा तिघांत होते: नायजेरियातल्या योरुबा लोकांचा अग्बादा, उत्तर घानातला फुगू आणि जिथे तिथे टांगलेली दाशिकी. मी फुगूच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो.

दाशिकी सगळ्यांत स्वस्त, हलकी, घरी धुता येणारी. हे नाव हौसा भाषेतून योरुबात आलं. अर्थ आतलं वस्त्र, म्हणजे मोठ्या झग्याखालची पैरणच. पण तिच्या गळ्याभोवतीची जी भरतकामासारखी रंगीबेरंगी नक्षी आपल्या डोळ्यांसमोर येते, ती १९६०च्या दशकात नेदरलँड्सच्या व्लिस्को कंपनीने काढलेली छापील नक्षी आहे. म्हणून दाशिकीला खोटी म्हणू नये. त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांनी ती आपल्या अस्मितेची खूण म्हणून मिरवली, आणि तो वारसाही मोलाचा आहे. विणकराचा हात मात्र तिच्यात शोधू नका.

अग्बादा म्हणजे थाट. आत बुबा म्हणजे सैल सदरा, खाली शोकोतो म्हणजे विजार, डोक्यावर फिला टोपी आणि या सगळ्यावर तो ऐसपैस झगा, ज्याच्या बाह्या सारख्या खांद्यावर सावरून घ्याव्या लागतात. त्यासाठीचं खानदानी कापड आशो-ओके. नायजेरियातलं इसेयिन त्याच्या विणकामासाठी नावाजलेलं. रानरेशमाचं बदामी सान्यान, निळीत गडद रंगवलेलं एतू, लाल आलारी हे त्याचे मानाचे प्रकार. योरुबा लग्नाचं आमंत्रण असेल तर अग्बादाच शिवा, पण आधी यजमानांना विचारा. आशो-एबीच्या रीतीनुसार आप्तेष्टांचं कापड तेच ठरवतात. लग्न नसेल, तर हा झगा कपाटातच राहील.

फुगूची गोष्ट कापडापासूनच सुरू होते. त्याला बाताकारी असंही म्हणतात. अरुंद मागावर साधारण १० सेंटिमीटर रुंदीच्या सुती पट्ट्या विणतात, त्या काठाला काठ लावून शिवतात आणि खाली कळ्या घालून घेर देतात. दाम्बा सणाच्या नाचात गिरकी घेतली की हा घेर छत्रीसारखा फुलतो. व्हाइट व्होल्टा नदीकाठचं दाबोया गाव निळीच्या रंगाईसाठी प्रसिद्ध आहे. आणि ६ मार्च १९५७ रोजी घानाचं स्वातंत्र्य जाहीर करताना पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या अंगात हाच उत्तरेचा सदरा होता. ते स्वतः दक्षिणेकडचे, म्हणून ती निवड मला फार मोठी वाटते. शेजारच्या बुर्किना फासोत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस संकारा यांनी १९८०च्या दशकात सरकारी नोकरांना देशी हातमागाचं फासो दान फानी घालायला लावलं. खादी माहीत असलेल्या आपल्याला त्यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फुगू साध्या पँटवरही शोभतो. कापड जाड असतं, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात तो नको, नाशिक-पुण्याच्या थंडीत मात्र झकास. घेताना उलटा करून पाहा: दर चार-पाच बोटांवर उभी शिवण हाताला लागली पाहिजे. सलग कापडावर नुसते पट्टे छापलेले असतील तर परत ठेवा. निळीचा असेल तर पहिले काही धुणे वेगळे, थंड पाण्यात, आणि सावलीतच वाळवा.