एरोटिकॉन (1920): शंभर वर्षं होऊन गेली तरी खट्याळपणा तसाच आहे

मूकपट म्हणजे धावपळ, आपटाआपटी एवढंच डोक्यात असेल तर हा स्वीडिश सिनेमा बघाच. डायरेक्टर मॉरिट्झ स्टिलर, ज्याला लोक आता फक्त हॉलिवूड स्टार ग्रेटा गार्बोला पुढे आणणारा माणूस म्हणून ओळखतात, आणि मला ते अजिबात पटत नाही कारण कॉमेडीत हा खरंच बाप माणूस होता.

स्टोरी साधीच आहे. प्रोफेसर साहेब किड्यांच्या लव्हलाइफवर लेक्चर झोडतात आणि घरी बायकोचं काय चाललंय याचा पत्ताच नाही. बायको इरेन (तोरा तेये, जबरदस्त!) एका बॅरनबरोबर विमानातून फिरते, पण जीव अडकलाय नवऱ्याच्याच मित्रात, शिल्पकार प्रेबेनमध्ये, आणि प्रेबेन झालेला लार्स हॅन्सन एवढा गंभीर चेहरा करून जळत बसतो की आपल्यालाच हसू येतं. प्रोफेसरला काळजी कसली, तर जेवणाची, आणि ते बघायला भाची आहेच.

स्टिलरची खरी गंमत नजरेत आहे. कोण कोणाकडे बघतंय, ते तिसऱ्याने कधी पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं कसं केलं, यावरच अर्धी कॉमेडी उभी आहे, मधल्या पाट्या नसत्या तरी बरंच कळलं असतं. स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरातला सीन तर कमाल, स्टेजवर खास या सिनेमासाठी बसवलेला बॅले चालू आहे (मूकपटात बॅले, हिंमत बघा), त्यातही राणी, राजा आणि राजाचा मित्र हाच घोळ, आणि प्रेक्षकांत बसलेल्यांना आपलीच भानगड समोर नाचताना दिसते. खट्याळ रोमँटिक कॉमेड्यांसाठी गाजलेला डायरेक्टर अर्न्स्ट लुबिच याच्यावर या सिनेमाचा प्रभाव होता म्हणतात, ते इथे लगेच पटतं.

बॅरनचं कॅरेक्टर मात्र पोकळ आहे, आणि द्वंद्वयुद्धाची भानगड सुरू झाली की सिनेमा जरा रेंगाळतो.

पण शेवट! स्पॉयलर आहे, नको असेल तर इथेच थांबा. जोड्या बदलतात आणि कोणालाच शिक्षा होत नाही, ना रडारड ना पश्चात्ताप, उलट प्रोफेसर तर आधीपेक्षा खूश दिसतो. 1920 मध्ये हे एवढ्या सहज दाखवणं म्हणजे कमालच.

हा आवडला तर स्टिलरचाच 1917 चा 'थॉमस ग्रालचा सर्वोत्तम चित्रपट' पण बघा, त्यात स्वीडिश नट-डायरेक्टर व्हिक्टर श्योस्ट्रॉम सिनेमाचा लेखक झालाय आणि लिहायचं सोडून मुलीची स्वप्नं बघत बसतो.