द शायनिंग: पान २२४ नंतर थेट २४१

आधी एक काम करा. घरात नवी जाडजूड कादंबरी आली असेल तर ती आत्ताच उघडा आणि पानांचे आकडे बघा. सगळे नकोत, दर सोळा पानांनी एक: १, १७, ३३, ४९, असे शेवटपर्यंत. दोन मिनिटं लागतात. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून पानांचे फॉर्मे करतात, बहुतेक वेळा सोळा पानांचे, आणि ते क्रमाने लावून बाइंडिंग होतं. लावताना एक फॉर्मा दोनदा उचलला गेला आणि पुढचा राहिला, तर बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. जाडी तीच, वजन तेच. माझ्या ‘द शायनिंग’मध्ये, म्हणजे स्टीफन किंगच्या भयकादंबरीच्या माझ्या प्रतीत, हेच झालं. २०९ ते २२४ ही पानं दोनदा, आणि त्यानंतर एकदम २४१.

मला हे कळलं पुस्तक घरी आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी. परत करायची मुदत होती सात दिवसांची.

मिक्सर बिघडलेला असेल तर पहिल्या चटणीलाच समजतं. पुस्तकातला दोष त्या पानापर्यंत पोचल्याशिवाय समजत नाही, आणि नोकरी-घर सांभाळून वाचणारं माणूस सात दिवसांत सव्वादोनशे पानं वाचून काढत नाही. ज्या ऑनलाइन दुकानातून पुस्तक घेतलं त्यांना मी हे चॅटवर चार वेळा लिहिलं. त्यांच्या तक्रारींच्या यादीत ‘वस्तू तुटलेली’, ‘चुकीची वस्तू’, ‘पार्सल उघडलेलं’ असे पर्याय आहेत. ‘पानं गहाळ’ हा पर्यायच नाही. मग ‘तुटलेली’ निवडलं, तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. ३९९ रुपयांच्या पुस्तकाचं पार्सल उघडताना व्हिडिओ कोण काढतं? शेवटचं उत्तर आलं, ‘मॅम, रिटर्न विंडो क्लोज झाली आहे.’ पुस्तक विकणाऱ्यांनी पुस्तकाला वेगळी मुदत द्यायला हवी, निदान एक महिना. मागणी फार मोठी नाही. विक्रेत्याला दहापैकी शून्य, आणि हा शून्य मी बदलणार नाही.

आता वाचनाबद्दल. जूनपासून, म्हणजे आठ महिने, मी जवळजवळ फक्त भयकादंबऱ्या वाचतेय. घर नौपाड्यात, ऑफिस महाप्याला. ठाण्याला गाडी सुटते तिथूनच बसायला मिळतं, घणसोलीला उतरायचं. जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या वर निवांत वाचन होतं. आधी हा वेळ मोबाइलमध्ये जायचा.

सुरुवात नारायण धारपांपासून केली. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि लग्न होऊन इथे आल्याला वीस वर्षं झाली तरी मी सभासद नव्हते. ती चूक सुधारली. धारपांच्या समर्थकथा, म्हणजे दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या समर्थांच्या गोष्टी, आधी वाचल्या. त्यांचं एक वैशिष्ट्य आहे: समर्थ आले की वाचणाऱ्याला धीर येतो. आता काही वाईट होणार नाही, हा माणूस सांभाळून घेईल. म्हणून भीतीला मी पाचच गुण देईन, पण रात्री अकरानंतर वाचायला यासारखं दुसरं काही नाही. ‘लुचाई’ मात्र वेगळी. ती स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वरून बेतलेली आहे, तरी वाचताना परकी वाटत नाही, आणि तिला माझे आठ. किंगकडे मी धारपांचं बोट धरून आले, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आमच्या ऑफिसात इंग्रजी वाचणारी मुलं धारपांना ‘ते भाषांतरवाले’ म्हणून मोडीत काढतात. साध्या, घरगुती मराठी वाक्यात थंडगार हात घालायचा ही कला उसनी आणता येत नाही.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मध्येमध्ये वाचल्या. त्या कादंबऱ्यांच्या पंगतीत बसवून गुण देणं बरोबर नाही, म्हणून देत नाही.

‘ड्रॅक्युला’ला सात. पहिले चार अध्याय किल्ल्यातले, ते जबरदस्त. पुढे डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळी एकमेकांचं इतकं कौतुक करतात की मी तुर्भ्यापर्यंत झोपून गेले एकदा. पण त्यात एका जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी आहे. वार्ना बंदरातून जहाज निघतं, पेट्यांमध्ये माती भरलेली, आणि एकेक खलाशी नाहीसा होत जातो. कप्तान तारखा टाकून लिहीत राहतो. शेवटी तो स्वतःचे हात सुकाणूच्या चाकाला बांधून घेतो. त्या रोजनिशीत ड्रॅक्युला हे नाव एकदाही येत नाही. एवढ्या पानांना दहापैकी दहा.

शर्ली जॅक्सनच्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ला साडेआठ. १९५९ चं पुस्तक, बारीकसं. अंधारात एलिनॉर शेजारच्या थिओडोराचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवा लागतो तेव्हा थिओडोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या पलंगावर असते. मग हात कोणाचा धरला होता? लेखिका उत्तर देत नाही. मी त्या रात्री उशीखालून हात बाहेर काढला नाही.

‘पेट सेमेटरी’ला गुण देणं मला अजून जमलेलं नाही. बाप आणि छोटा मुलगा पतंग उडवताहेत, हसताहेत, आणि किंग मध्येच सांगून टाकतो की या पोराचं आता दोन महिन्यांचंही आयुष्य उरलेलं नाही. दचकवायचं असतं तर त्याने हे लपवलं असतं. सांगितल्यामुळे पुढचं प्रत्येक पान जड होतं. मी तीन आठवडे पुस्तक बंद करून ठेवलं होतं. किंगने स्वतःही लिहून झाल्यावर ते हस्तलिखित बाजूला टाकलं होतं, फार पुढे गेलो असं वाटून, आणि १९८३ मध्ये ते छापलं गेलं. माझा मुलगा रात्री क्लासवरून सायकलने घोडबंदर रोड ओलांडून येतो. त्या पुस्तकात घरासमोरच्या रस्त्यावरून ट्रक जातात. यापेक्षा जास्त लिहिवत नाही.

मग ‘द शायनिंग’. (पुढे कथानक उघड केलंय. पण १९७७ ची कादंबरी आहे, बहुतेकांना माहीत असेलच.)

गोष्ट हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलची, जॅक तिथे राखणदार म्हणून बायको आणि लहान मुलगा डॅनी यांना घेऊन राहतो. त्या सकाळी गाडीत रबाळे गेलं होतं. २२४ वर छोटा डॅनी २१७ नंबरच्या खोलीच्या आसपास घुटमळतोय, आणि मास्टर किल्ली त्याच्याकडे आहे. मी शेजारच्या पानावर गेले. समोर जे वाक्य आलं ते मी आदल्या संध्याकाळी परतीच्या गाडीत वाचलेलं होतं. पुढचंही तेच. त्याच्या पुढचंही. मला खरोखर गार वाटलं. कारण या हॉटेलची गोष्टच अशी आहे की तिथे जुन्या रात्री संपत नाहीत, त्या परत परत घडतात. मला वाटलं लेखकाने मुद्दाम केलंय, आपल्याला हॉटेलात अडकवलंय. पूर्ण दोन पानं मी हाच विचार करत शब्द न् शब्द वाचला. मग खाली आकडा बघितला: २१०. तोवर घणसोली गेलं. कोपरखैरण्याला उतरून परत आले.

आठ महिन्यांत मला खरी भीती वाटलेले क्षण मोजले तर हा पहिल्या तिनांत आहे, आणि तो बाइंडरच्या चुकीतून आला.

संध्याकाळी २४१ पासून पुढे वाचलं. डॅनी आई-बापांसमोर येतो, अंगठा तोंडात, गळ्यावर बोटांचे वळ. आई, वेंडी, नवऱ्याकडे बघते. तू केलंस. आणि मीसुद्धा जॅककडेच बघितलं. खोलीत काय झालं ते मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की या माणसाने दारूच्या भरात एकदा याच मुलाचा हात मोडला होता. डॅनी बोलता होईपर्यंत मी वेंडीच्या बाजूने होते, शंभर टक्के. नंतर जॅक ती खोली बघून येतो आणि ‘काहीच नाही तिथे’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलतोय हे आपल्याला कळतं. तिथे माझा जीव खालीवर झाला.

संपवलं तेव्हा साडेआठ गुण दिले होते. वहीत तसं लिहिलेलंही आहे.

रविवारी जेवताना मी नवऱ्याला चिडून सांगितलं की नेमका २१७ चा प्रसंग माझ्या पुस्तकात नाही. तो म्हणाला, खोलीचा नंबर २३७ आहे. आमचा यावर बराच वाद झाला. दोघंही बरोबर होतो. कादंबरीत २१७, कुब्रिकच्या १९८० च्या चित्रपटात २३७, कारण बाहेरून ज्या हॉटेलचं चित्रीकरण झालं त्यांना आपल्या २१७ मध्ये पुढे कोणी राहणार नाही अशी भीती वाटली. मग तो जे म्हणाला त्याने माझा घास हातात राहिला: ‘पण पिक्चरमध्ये पण ते दाखवतच नाहीत ना.’

आम्ही त्याच दुपारी चित्रपट लावला. खरंच नाही दाखवत. दार उघडं आहे, मुलगा आत बघतो, आणि तिथेच तुकडा संपतो. नंतर तो येतो तो गळ्यावर वळ घेऊनच, आणि वेंडी जॅकवर आरोप करते. कुब्रिकने विचार करून जी जागा रिकामी ठेवली, ती माझ्या प्रतीत फॉर्मा चुकल्यामुळे रिकामी राहिली होती. मी पंधरा दिवस ज्या सोळा पानांसाठी भांडत होते, ती नसल्यामुळेच मला ते प्रकरण इतकं लागलं होतं. मी वहीत साडेआठचे नऊ केले आणि किंगने तो प्रसंग लिहायलाच नको होता असं शेजारी लिहिलं.

हे मत बारा दिवस टिकलं.

ऑफिसातल्या एका मॅडमकडे त्याच आवृत्तीची धड प्रत निघाली. २२५ ते २४० झेरॉक्स करून घेतली, दोन-दोन पानं एका कागदावर, आठ कागद, सोळा रुपये. स्टेशनबाहेर उभं राहूनच वाचायला सुरुवात केली. हॉटेलच्या आचाऱ्याने, हॅलोरनने, डॅनीला सांगून ठेवलेलं असतं: इथे तुला काही दिसलं तर ते पुस्तकातल्या चित्रांसारखं समज. चित्रं काही करू शकत नाहीत. टबात ती मेलेली बाई उठून बसते, आणि पोरगं डोळे मिटून तेच घोकत राहतं. आणि आपणही त्याच्याबरोबर घोकतो, कारण आपल्याही हातात पुस्तकच असतं. मग त्याच्या गळ्याभोवती हात येतात.

हे वाक्य खोटं ठरणं हा त्या कादंबरीचा कणा आहे. तोपर्यंत हॉटेल फक्त दाखवत होतं. आता ते हात लावू शकतं. माझ्या प्रतीतून नेमकं हेच गेलं होतं. वेंडीचा संशय मला मिळाला, तो मोलाचा होता, पण डॅनीचा एकटेपणा मला मिळाला नव्हता. सहा वर्षांच्या आतलं मूल, ज्याला मोठ्या माणसाने मायेने दिलेला उपाय चालत नाही. किंगने तो प्रसंग लिहिला हे बरोबरच केलं. शेजारचं वाक्य खोडलं. गुण नऊच ठेवले, पण आता वेगळ्या कारणासाठी.

बॉयलरबद्दल लोक फार लिहितात, म्हणून एक ओळ: दाब वाढत जाणारा हॉटेलचा तो बॉयलर शेवटी काय करणार ते मला सुरुवातीच्याच प्रकरणांत कळलं होतं, तिथे मी अर्धा गुण कापलाय. खरं तर साडेनऊ होते.

झेरॉक्सचे कागद डिंकाने आत चिकटवणार होते. घड्यासुद्धा घालून ठेवल्या होत्या. पण माझ्या रोजच्या गाडीतल्या मैत्रिणीने, ती ऐरोलीला उतरते, पुस्तक मागितलं. मी तिला पुस्तक दिलं आणि ते आठ कागद पाकिटात घालून माझ्याकडे ठेवले. सांगितलं, २०९ दुसऱ्यांदा आलं तर घाबरू नकोस, तसंच पुढे वाच. डॅनी बोलायला लागला की मला सांग, मी पाकीट देते.

तिने विचारलं, ‘ताई, पानं हरवलीत का?’ मी म्हटलं, आहेत, माझ्या पर्समध्ये आहेत.

सोमवारी ती १९६ वर होती.