होम सिक्युरिटी सिस्टिम ॲलेक्सा आणि गूगलला जोडून आठ महिने: कुठे अडतं आणि का

सिस्टिम आर्म करायला (म्हणजे पहाऱ्यावर लावायला) आणि "पुढचं दार बंद आहे का" हे विचारायला आवाजाची सोय उत्तम आहे. डिसआर्म करायला, म्हणजे पहारा काढायला, ती वापरू नये. आठ महिन्यांच्या वापरानंतर हे मत पक्कं झालंय. आणि जोडणी तुटते तेव्हा दोष बहुतेक वेळा ना पॅनेलचा (अलार्मच्या मुख्य यंत्राचा) असतो, ना ॲलेक्सा किंवा गूगलच्या स्पीकरचा. तो असतो दोघांच्या मधल्या वाटेत.

ती वाट आधी समजून घ्या. स्पीकर आणि अलार्म पॅनेल एकाच खोलीत, एकाच वाय-फायवर असले तरी सहसा थेट बोलत नाहीत. तुमचं वाक्य ॲमेझॉन किंवा गूगलच्या सर्व्हरवर जातं, तिथून सिक्युरिटी कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग परत घरातल्या पॅनेलवर. म्हणून इंटरनेट गेलं की आवाजाने काहीच होत नाही, पण सेन्सर, कीपॅड आणि सायरन आपलं काम करत राहतात. ॲपलच्या होमकिटची, म्हणजे घरातली उपकरणं चालवण्याच्या त्यांच्या सोयीची, तऱ्हा वेगळी. तिथे घरात असताना हुकूम घरच्याच नेटवर्कवरून जातो, त्यामुळे गेस्ट नेटवर्क किंवा राउटरमधलं 'एपी आयसोलेशन' (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) आडवं येतं. क्लाउडमधून जाणाऱ्या जोडणीला त्याने फरक पडत नाही, तेव्हा ॲलेक्सा अडली म्हणून ती सेटिंग उलटसुलट करत बसू नका.

पहिली चाचणी अशी: मोबाइलचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर सिक्युरिटी कंपनीचं ॲप उघडा आणि तिथून आर्म करा. वाय-फाय बंद करणं महत्त्वाचं, कारण काही ॲप घरात असताना पॅनेलशी थेट बोलतात आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. आर्म झालं नाही तर असिस्टंटला (ॲलेक्सा किंवा गूगलला) हात लावू नका, आधी पॅनेलचं इंटरनेट बघा. बरीच पॅनेल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटरची सुरक्षा नुसती 'डब्ल्यूपीए३' वर असेल तर जुनं पॅनेल जोडलंच जात नाही, तिथे 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' ठेवा. चॅनेल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वीज गेल्यावर पॅनेल स्वतःच्या बॅटरीवर जागं राहतं, राउटर मात्र बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस लावणं हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी खर्च.

ॲप चालतंय, आवाज चालत नाही? मग ॲलेक्सा ॲपमध्ये 'मोअर', 'ॲक्टिव्हिटी', 'व्हॉइस हिस्टरी' असं जा. काय ऐकलं गेलं ते तिथे लिहिलेलं दिसतं. वाक्य भलतंच असेल तर घोळ नावांचा आहे. सिस्टिमला 'अलार्म' हे नाव देऊ नका. 'सेट द अलार्म' म्हटलं की असिस्टंट घड्याळाचा गजर लावायला जातो. 'फ्रंट डोअर लॉक', 'फ्रंट डोअर सेन्सर', 'फ्रंट डोअर कॅमेरा' अशी एकाच सुरुवातीची तीन नावंही गोंधळ घालतात. निदान एकाचा पहिला शब्द बदला.

वाक्य बरोबर ऐकलंय आणि तरी डिव्हाइस प्रतिसाद देत नसल्याचं उत्तर येतंय, तर संशय टोकनवर घ्या. जोडणी करताना असिस्टंटकडे तुमचा पासवर्ड जात नाही, कंपनी त्याला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा डिजिटल परवाना, देते. पासवर्ड बदलला किंवा 'सगळीकडून लॉग आउट' दाबलं की ते रद्द होऊ शकतं. फोनवरच्या ॲपमध्ये तुम्ही नव्या पासवर्डने शिरलेले असता, त्यामुळे तिथे काहीच बिघडलेलं दिसत नाही. ॲलेक्सात सिक्युरिटी कंपनीचं स्किल (ॲलेक्साला त्या कंपनीशी जोडणारी सेवा) डिसेबल करून पुन्हा एनेबल करा, लॉग इन करा, डिव्हाइस शोधा. गूगल होममध्ये आधी अकाउंट 'रिकनेक्ट' करून बघा. थेट अनलिंक केलंत तर डिव्हाइस निघून जातात आणि खोल्यांची मांडणी पुन्हा करावी लागते.

आता या दुरुस्तीनंतरचा धोका, जो फार कमी लोक तपासतात. पुन्हा शोध घेतल्यावर कधी कधी जुनं पॅनेल 'ऑफलाइन' म्हणून यादीत राहतं आणि नवं त्याच नावाने शेजारी येऊन बसतं. रात्री ११ वाजता आर्म करणारं तुमचं रूटीन (असिस्टंटमध्ये ठरवून ठेवलेलं आपोआप होणारं काम) त्या जुन्यालाच बांधलेलं असतं. आवाजाने सांगितलं की सगळं चालतं, पण रूटीन काही न बोलता वाया जातं आणि घर रात्रभर डिसआर्म राहतं. जुनी नोंद काढा, रूटीनमधली पॅनेलची ॲक्शन काढून नव्याने टाका, आणि त्या रात्री वेळ झाल्यावर कीपॅड स्वतः बघा.

कीपॅड बघण्याचं आणखी एक कारण. ॲलेक्साला साधारण ८ सेकंदांत उत्तर लागतं. पॅनेल सिम कार्डच्या बॅकअपवर असेल तर उत्तर उशिरा येऊ शकतं: स्पीकर नकार देतो, पॅनेल मात्र आर्म झालेलं असतं. अशा वेळी नकळत दार उघडलं तर सायरन वाजू शकतो. उलट बाजूने, एखादी खिडकी उघडी असेल तर पॅनेल आर्म व्हायला नकार देऊ शकतं. तो जोडणीचा बिघाड नव्हे, खिडकी लावली की काम होतं.

डिसआर्मबद्दल. आवाजाने डिसआर्म मुळात बंदच असतं, ते मुद्दाम चालू करून चार आकडी पिन ठेवावा लागतो. तो पिन मोठ्याने म्हणायचा म्हणजे पाहुण्यांना, कामाला येणाऱ्यांना आणि उघड्या खिडकीबाहेरच्यालाही ऐकवायचा. काही सिस्टिममध्ये कीपॅडचाच कोड आवाजासाठी चालतो. तो पर्याय अजिबात घेऊ नका. चालू ठेवायचंच असेल तर वेगळा पिन ठेवा आणि स्पीकर दार-खिडक्यांपासून लांब.

स्किल यादीत सापडतच नसेल तर स्पीकरची भाषा आणि अकाउंटचा देश तपासा, कारण प्रत्येक स्किल ठरावीक देश-भाषांसाठीच असतं. बॅटरीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर यायला काही सेकंद लागतात, कारण कॅमेरा आधी झोपेतून उठतो. दारावर कोण आहे हे तत्काळ हवं असेल तर तिथे वायरवरचा कॅमेरा लावा.