विहिरीपर्यंतची केबल: तांब्याची घ्यावी की ॲल्युमिनियमची?

डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, रस्त्याला, विहीर ओढ्याकाठी आणि मधे तीनेकशे मीटरचं रान. पाच एचपीची थ्री-फेज मोटर. पश्चिम महाराष्ट्रात हे चित्र इतकं सर्रास आहे की बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मीटरपेटीपासून विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत केबल टाकायची, तर कुठल्या धातूची? मी दोन्ही टाकल्या आहेत. आधी ॲल्युमिनियम होती, आता तांबं आहे. दुकानदार विचारेल ती माहिती, म्हणजे कोअर (आतल्या वेगवेगळ्या तारा) किती, आर्मर्ड (वरून धातूच्या पट्टीचं कवच असलेली) की साधी, ही तुम्हाला ठाऊक असणार असं धरून चालतो.

वीज वाहून नेण्याच्या बाबतीत तांबं सरस आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती सरस, ते नीट धरलं तर अर्धा वाद तिथंच मिटतो. सारख्याच जाडीची तार घेतली तर ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्के वीज वाहून नेतं. म्हणजे जाडी वाढवली की झालं. ६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला ३.०८ ओहम, आणि १० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमचाही तेवढाच. त्यामुळे तुलना करायची तर तांब्याच्या ६ ची ॲल्युमिनियमच्या १० शी करावी. ६ ची ६ शी केली तर ॲल्युमिनियमवर अन्याय होतो.

ही जोडी घेतली की तीनशे मीटरच्या शेवटी दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच पडतं. पाच एचपीची मोटर आठेक अँपिअर घेत असेल तर दहा-अकरा व्होल्ट. ऐकायला हे थोडं वाटतं. पण आपल्याकडे संध्याकाळी सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवरच दाब उतरलेला असतो, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की जोर जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी कमी. म्हणून केबल कुठल्याही धातूची घ्या, मापात काटकसर करू नका. इथपर्यंत दोघांत डावं-उजवं काही नाही.

वजनात ॲल्युमिनियम सरळ जिंकतं. तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७. वरच्या मापांत, तीनशे मीटर तीन कोअरला तांबं लागतं सुमारे ४८ किलो आणि ॲल्युमिनियम २४ किलो. त्यात तांब्याचा किलोचा भाव ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त. वजन दुप्पट, भाव तिपटीच्या वर, म्हणजे नुसत्या धातूचीच किंमत सहापटीच्या पुढं जाते. वरचं प्लास्टिक, आर्मरिंगची पट्टी आणि मजुरी दोन्हींना लागतेच, त्यामुळे बिलात फरक इतका मोठा दिसत नाही. तरी अंगावर येण्याइतका असतो. ज्याला या हंगामात ठिबकही करायचंय आणि बांधबंदिस्तीही, त्यानं ॲल्युमिनियम घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पुष्कळ जण विचारतात, वीज कंपनी खांबावरून सगळी ॲल्युमिनियमच नेते, मग आपल्याला काय धाड भरलीय? मुद्दा बरोबर आहे. खांबावरच्या तारेत मधे पोलादाच्या तारा असतात आणि भोवती ॲल्युमिनियमच्या. ताण पोलाद सोसतं, वीज ॲल्युमिनियम वाहतं. या तारांना वीझल, रॅबिट, डॉग अशी प्राण्यांची नावं आहेत, लाइनमनच्या तोंडी ती नेहमी असतात. हवेत लोंबकळणाऱ्या तारेला हलकेपणा फार मोलाचा, कारण तार जड झाली की खांब जवळजवळ घ्यावे लागतात. शिवाय त्या तारेवर जोड कमी, आणि जे असतात ते नळीत घालून यंत्रानं दाबलेले. आपल्या केबलीचा शेवट मात्र स्टार्टरच्या पेटीत, एका पितळी स्क्रूखाली होतो. माझ्या मते सगळा फरक या स्क्रूपाशी आहे.

ॲल्युमिनियम सोललं की चकचकीत दिसतं. पण हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर चढायला लागतो. थर इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही, पण तो कठीण असतो आणि वीज वाहू देत नाही. हाच थर ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतो, म्हणून पत्रे आणि खिडक्यांसाठी हा धातू उत्तम. जोडाला मात्र तोच थर नडतो. तांब्यावरही ऑक्साइड येतं, ते काळवंडतं, हिरवंही पडतं, पण त्याचा थर एवढा चिवट आणि वीजरोधक नसतो. स्क्रू आवळला की खालचं तांबं पितळाला सहसा नीट भिडतं.

दुसरी गोष्ट तापण्याची. वीज वाहिली की जोड तापतो, मोटर बंद झाली की निवतो. एका अंशाला ॲल्युमिनियम लाखात २.३ भाग प्रसरण पावतं, पितळ साधारण १.९ आणि तांबं १.७. आकडे जवळचे वाटतात, पण हे रोज घडतं. त्यात ॲल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली दाबून ठेवलं की ते हळूहळू बाजूला सरकतं. आज घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी आपोआप सैल होतो, कुणी हात न लावता. सैल झाला की मधे हवा शिरते, हवेनं ऑक्साइड वाढतं, ऑक्साइडनं विरोध वाढतो आणि विरोधानं जोड आणखी तापतो. जोडाचा विरोध एक दशांश ओहम जरी झाला तरी आठ अँपिअरला तिथं सहा वॅटहून जास्त उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. मोटर सुरू होताना प्रवाह क्षणभर सहापट गेला तर उष्णता छत्तीसपट.

आणि तिसरी, पावसाळ्याची. विहिरीवरच्या पेटीत ओल येतेच. ॲल्युमिनियम आणि पितळ किंवा तांबं एकमेकांना टेकलेले, मधे ओलावा, म्हणजे छोटा विद्युतघट तयार झाला. या जोडीत झिजायचं ते ॲल्युमिनियमनंच. श्रावणात पेटी उघडली की स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसायची, ती हीच.

आता ज्या त्रासानं माझा निर्णय झाला तो सांगतो. शेतीची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळ्यांसारखा मीही ऑटो स्विचवर विसंबतो. वीज आली की मोटर आपली आपण सुरू व्हावी आणि पहाटे उठून दारं धरायला जावं, एवढीच अपेक्षा. मोटर जळू नये म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलेला आहे, आणि तो आपलं काम चोख करतो. एका फेजचा जोड सैल झाला, त्या फेजला व्होल्टेज कमी आलं, की तो मोटर पाडतो. मोटर वाचते, पाणी मात्र मिळत नाही. पहाटे जाऊन पाहावं तर सरी कोरडी आणि वीज जायला तास-दीड तास उरलेला. मग अंधारात बॅटरीच्या उजेडात पेटी उघडा, मीटरपाशी मेन पाडून या, पक्कड-पेचकस घेऊन तोच स्क्रू पुन्हा आवळा, परत मेन चढवायला जा. उभ्या उसातून ही ये-जा करणं, तेही पावसाळ्यात, घरच्यांच्या जिवाला घोर लावणारं असतं. ओढ्याकाठी जनावर निघतं हे सगळ्यांना माहीत आहे.

दर वेळी खर्च काहीच नव्हता. मोटर एकदाही भरावी, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घ्यावी, लागली नाही. हिशेबाच्या वहीत या त्रासाची नोंदही झाली नसती. पण रात्री झोपताना मोटर चालेल की नाही याची खात्री उरली नव्हती, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात जड होतं. तांब्याची केबल आल्यापासून हे थांबलं. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा मेन पाडून स्क्रू तपासतो, बहुधा फिरवावा लागत नाही.

न्यायाचं म्हणजे, ॲल्युमिनियमचा हा दोष घालवायचा उपाय आहे. बायमेटल थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची दोन धातूंची टोपी, मिळते. एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं, दोन्ही कारखान्यातच एकजीव केलेली. तार घासून, जोडाची पेस्ट लावून, योग्य मापाच्या डायनं (साच्यानं) क्रिंप केली, म्हणजे यंत्रानं दाबून बसवली, तर जोड वर्षानुवर्षं टिकतो. वीज कंपनीचे जोड टिकतात ते अशाच पद्धतीमुळे. अडचण एवढीच की आमच्या भागात साध्या पकडीनं थिंबल चेपून देणारे वायरमन जास्त भेटतात, डाय असलेलं क्रिंपिंग यंत्र बाळगणारे कमी. तुमच्या गावात असा माणूस असेल तर माझ्या तक्रारीचं वजन तुमच्यासाठी बरंच कमी होईल. अंतर पाचशे-सातशे मीटर असेल तर तांब्याचा खर्चच झेपण्यापलीकडे जातो. तिथं मीही ॲल्युमिनियम जाड मापाची घेईन आणि दोन्ही टोकांच्या जोडांवर पैसे ओतेन.

मधला एक मार्गही आहे. लांबचा पल्ला ॲल्युमिनियमनं गाठायचा आणि विहिरीपाशी एका बंद जोडपेटीत बायमेटल जोड देऊन शेवटचे दहा-पंधरा मीटर तांबं वापरायचं. स्टार्टरला तांबं येतं, पैसेही वाचतात. शेजारच्या रानात असं केलेलं आहे आणि चांगलं चालतंय. मला मात्र जोड वाढवणं पटत नाही, आणि हा पूर्णपणे माझ्या स्वभावाचा भाग असू शकेल.

तांब्याची मोठी धास्ती म्हणजे चोरी. उघड्यावर पडलेली तांब्याची केबल एका रात्रीत कापून नेतात, हे आपल्या भागात नवं नाही. चोरटे ॲल्युमिनियमही सोडत नाहीत, पण भंगारात त्याला भाव कमी, म्हणून जीव धोक्यात घालून न्यायला लोक तेवढे येत नाहीत. तांबं घ्यायचं तर ते पुरायचंच, आणि पुरलेला चर नांगराच्या फाळाच्या खाली हवा. आम्ही बांधाच्या कडेनं अडीच फूट खोल चर काढला, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा अंथरल्या, म्हणजे उद्या कुणी खणलं तर आधी वीट लागेल. विहिरीपाशी वर येणारा तुकडा जीआय पाइपातून थेट पेटीत नेला. हा खर्च तांब्याच्या खात्यात धरायलाच हवा. उलट जमेच्या बाजूला हे, की वीस वर्षांनी केबल काढलीच तर तांब्याला किलोवर दाम येतो.

मोटरीच्या आतल्या वाइंडिंगबद्दल, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांबद्दल, थोडक्यात. ॲल्युमिनियम वाइंडिंगची मोटर स्वस्त मिळते आणि नीट बनवलेली असेल तर चालतेही. पण जळाल्यावर ती भरून देणारे कारागीर बहुतेक तांब्याचीच तार वापरतात, त्यामुळे पहिल्यांदाच तांब्याची घेणं मला सोयीचं वाटतं.

खरेदीच्या वेळी एवढं जरूर पाहा. बाजारात वरून तांब्याचा पातळ थर आणि आत ॲल्युमिनियम अशीही तार मिळते, आणि टोकाला ती हुबेहूब तांब्यासारखी दिसते. केबलचा छोटा तुकडा मागून घ्या, एक तार सुटी करून चाकूनं खरवडा. आत पांढरं निघालं तर तो भाव तांब्याचा नाही. वजनही सांगतं. केबलवर आयएस (भारतीय मानकाचा) क्रमांक आणि माप छापलेलं असावं, आणि बिलावर धातूचं नाव लिहून घ्यावं.

तीनशे मीटरच्या आत अंतर, ऑटो स्विचवर रात्रीचं पाणी, आणि केबल पुरायची तयारी, अशी तुमची स्थिती असेल तर मी तांब्याची ६ स्क्वेअर एमएमच सुचवेन. पैसे यंदा जुळत नसतील तर घाई करून बारीक तांबं घेऊ नका. ॲल्युमिनियमची १० टाका, बायमेटल थिंबल आणि क्रिंपिंग यंत्रवाला माणूस आधी शोधा, आणि मृगाच्या आत एकदा, दिवाळीनंतर एकदा मेन पाडून सगळे स्क्रू आवळून घ्या.