मुलाखतीसाठी पँट, स्कर्ट की ड्रेस? आधी खुर्चीत बसून बघा

कपडे आपण आरशासमोर उभं राहून निवडतो आणि मुलाखत देतो बसून. निम्म्या चुका इथेच होतात. म्हणून पँट-ब्लेझर, स्कर्ट-ब्लेझर आणि (वनपीस) ड्रेसवर ब्लेझर यांतलं एक ठरवताना मी पहिला प्रश्न विचारते: हे घालून पाऊण तास बसता येईल का, मध्ये एकदाही काही ओढून सारखं न करता?

या कसोटीवर पँट सहज पुढे जाते. टेबल असो की बुटका सोफा, पाय कसे ठेवायचे याचा विचार डोक्यात राहत नाही. सपाट बूटही तिच्यावर चालून जातात. पँटची खरी अडचण लांबीची. दोन इंच टाचेच्या हिशेबाने दुमडून घेतलेली पँट सपाट बुटांवर जमीन झाडत जाते, म्हणून माप देताना मुलाखतीचेच बूट पायात हवेत. कापडात थोडं स्ट्रेच असलं की बसताना कंबर काचत नाही, पण फार ताणणारं कापड घेऊ नका; तासाभरात गुडघ्यांवर फुगे दिसायला लागतात.

स्कर्ट उभं असताना फार नेटका दिसतो, हे मान्य. पण गुडघ्याला टेकणारा पेन्सिल स्कर्ट बसल्याबरोबर दोन-तीन इंच तरी वर सरकतो. मला हे कळलं ते थेट मुलाखतीत. समोर टेबल नव्हतंच, खोलगट सोफा होता. मी सगळा वेळ फाइल मांडीवर धरून बसले आणि पगाराच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते आजही आठवत नाही. तेव्हा स्कर्टच घालायचा असेल तर उभं असताना गुडघ्याच्या खाली जाणारा घ्या. स्टॉकिंग्ज घालणार असाल तर १५-२० डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पातळ जोडीला एक नख लागलं तरी लांब रेघ उसवत जाते. ४० च्या पुढची जाड जोडी जास्त तग धरते. जादा जोडी पर्समध्ये हवीच.

ड्रेसचा फायदा असा की शर्ट कमरेतून सुटून बाहेर येत नाही आणि वरखाली रंग जुळवत बसावं लागत नाही. मात्र उकडलं म्हणून ब्लेझर काढायची वेळ आली, तर आत जे आहे तेही तितकंच औपचारिक दिसायला हवं. बिनबाह्यांच्या ड्रेसचं घोडं इथेच अडतं.

‘पण स्कर्टच जास्त फॉर्मल ना?’ असं अजूनही ऐकू येतं. त्यामागे कापडापेक्षा सवय जास्त आहे. अमेरिकेच्या सिनेटच्या सभागृहात महिला सदस्य पँट घालून येऊ लागल्या त्या १९९३ मध्ये, आणि पॅरिसमधल्या बायकांना पँट घालायला मनाई करणारा १८०० सालचा आदेश रद्दबातल असल्याचं फ्रान्सच्या सरकारने जाहीर केलं ते थेट २०१३ मध्ये. आज पँट घातली म्हणून गुण कापणारी जागा मिळालीच, तर नोकरी घ्यायची की नाही हेही त्याच दिवशी ठरवता येईल.

तिन्हींत समान असतो ब्लेझर, आणि खर्च करायचा तर त्याच्यावर. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. बाह्या आखूड करणं, कंबर आत घेणं ही शिंप्याची नेहमीची कामं. खांदा बदलायचा तर जवळजवळ सगळा ब्लेझर उसवावा लागतो. कापडाचं म्हणाल, तर लिनन घराच्या दारातच चुरगळतं, पॉलिएस्टर चुरगळत नाही पण घाम आत कोंडतो. पातळ लोकर किंवा तिचं मिश्रण लटकवून ठेवलं की सुरकुत्या बऱ्याच सुटतात.

रंगात काळ्यापेक्षा मला गडद निळा सोयीचा वाटतो. वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन काळे उन्हात कधीच एकसारखे दिसत नाहीत, आणि काळ्यावर प्रत्येक केस, प्रत्येक तूस उठून दिसतं. फिकट राखाडीवर घामाचा डाग लगेच कळतो. व्हिडिओ मुलाखत असेल तर बारीक रेघांचा शर्ट टाळा, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात. शर्ट छातीवर बटणांच्या मध्ये उघडत असेल तर आतून एक टिचबटण लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि नवा ब्लेझर असेल तर मागच्या फटीवर फुलीच्या आकाराचा एक टाका असतो, स्कर्टच्या स्लिटवरही असतो. तो फक्त दुकानापर्यंत कापड नीट राहावं म्हणून घातलेला असतो. आदल्या रात्री कात्रीने कापून टाका.