कॅमेलियनचं पिल्लू वाढत नाही म्हणून ‘ग्रोथ प्रोग्रॅम’ घेतला, ५९४ डॉलर गेले. कृपया पूर्ण वाचा

अमेरिकेत ज्यांनी मुलांच्या हट्टापायी कॅमेलियन (रंग बदलणारा सरडा) आणलाय किंवा आणायचं ठरतंय, त्यांच्यासाठी लिहितेय. पिल्लू छोटं आहे, वाढत नाहीये, काय करू, असं कुठल्याही ग्रुपवर विचारलंत की थोड्याच वेळात कोणीतरी अतिशय गोड बोलणारा माणूस इनबॉक्समध्ये येतो. आमच्याकडेही आला. ५९४ डॉलर घेऊन गेला आणि त्याने पाठवलेल्या थेंबांनी पिल्लू मरता मरता वाचलं, त्याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलीला केसाळ प्राण्यांची ॲलर्जी, कुत्रा मांजर शक्यच नाही, म्हणून वेल्ड कॅमेलियनचं पिल्लू घेतलं, ७५ डॉलरला. हे मूळचे येमेन आणि सौदीकडचे, इथे घरोघरी ब्रीड करतात. पोपटी हिरवं, बोटाच्या पेरावर मावेल एवढं, मुलीने नाव ठेवलं मिरची. दुकानदाराने काचेची टाकी, गोल पिळाचा बल्ब आणि किडे असं सगळं स्वतः निवडून दिलं आणि झालं, एवढं पुरे, असं सांगितलं. आता तुम्हीच सांगा, दुकानात बसलेला माणूस सांगतो तेव्हा आपण काय त्याची परीक्षा घेतो का? मिरची तीन महिन्यांची झाली तरी काट्यावर जेमतेम ५ ग्रॅम. तिच्याच वयाच्या पिल्लांचे फोटो लोक टाकत होते ती दुप्पट-तिप्पट मोठी. मुलगी रोज शाळेतून आल्यावर दप्तर पण न काढता आधी काटा घेऊन बसायची.

तर हा माणूस. फ्लोरिडात ब्रीडर आहे म्हणाला, आधी वेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, हाताखाली काम केलंय म्हणाला. फ्लोरिडा म्हटल्यावर खरं वाटतंच, तिथे हे प्राणी सुटून बाहेर झाडांवर वाढलेत इतके आहेत. आधी व्हिडिओ कन्सल्टेशन, ८५ डॉलर, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय). मग ‘ग्रोथ किट’ १४९ डॉलर, त्यात लेबल नसलेली पांढरी पावडर, एक ड्रॉपर बाटली आणि ‘मेडिकल ग्रेड’ यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) दिवा. मग शी तपासायची म्हणून लॅब टेस्ट १२०. मग ‘इमर्जन्सी डोस’ ओव्हरनाइट २४०. प्रत्येक वेळी रक्कम अशी की वेटकडे गेलो तरी एवढे जातीलच, असं वाटावं. एकदम सहाशे मागितले असते तर मी त्याच क्षणी फोन ठेवला असता, आणि हे त्यालाही माहीत होतं.

व्हिडिओ कॉलवर त्याने मिरचीला बघून सांगितलं, हा मेल आहे, मेल थोडे उशिरा वाढतात. वेल्ड कॅमेलियनच्या नराला अंड्यातून बाहेर येतो तेव्हापासूनच मागच्या पायाच्या टाचेवर छोटासा टेंगळासारखा काटा असतो. मादीला नसतो. मिरचीच्या टाचा साफ गुळगुळीत आणि मी कॅमेरा अगदी पायाजवळ धरलेला. ज्याने आयुष्यात एक तरी पिल्लू वाढवलंय त्याला हे कळतंच. मला तेव्हा टाचेचं काही माहीतच नव्हतं. पण तुम्हाला आता माहीत झालं, कोणी स्वतःला एक्स्पर्ट म्हणवत असेल तर पहिल्यांदा हेच विचारा.

आणि आता ती गोष्ट जी आठवली की अजून रात्री झोप उडते. शीचा नमुना मी कुरिअरने पाठवला. दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला त्याचा रिपोर्ट आला, पीडीएफ, वर लोगो, खाली सही, ‘कॉक्सिडिया, तीन प्लस, ताबडतोब उपचार’. मी घाबरून पाकीट पोचलं कधी हे बघायला ट्रॅकिंग उघडलं तर पाकीट मेम्फिसच्या सॉर्टिंग सेंटरला. पोचलंच नव्हतं! माझ्या एका हातात फोनवर तो रिपोर्ट आणि समोर लॅपटॉपवर ट्रॅकिंग, दोन्ही एकाच वेळी. तिथेच सगळं उघड होतं. कॉक्सिडिया म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, ते मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय दिसत नाहीत, शी समोर नसताना कोणी कसं सांगणार? मी त्याला विचारलं, तो म्हणाला ट्रॅकिंग नेहमी मागे असतं, आम्हाला सकाळीच मिळालं. आणि मी २४० पाठवले.

लोक विचारतात कसे पाठवलेस. सांगते. त्या रात्री मिरची फांदीवर डोळे मिटून बसली होती, दिवसाही डोळे मिटत होती, आणि मुलगी माझ्या शेजारी हुंदके देत होती. अशा वेळी समोरचा म्हणतो बारा तासांत डोस गेला नाही तर हाताबाहेर जाईल, तेव्हा कुठली आई बसून ट्रॅकिंगचा हिशेब करेल? मी शिकलेली आहे, आयटीत आहे, ऑफिसमध्ये फिशिंगचं, म्हणजे ऑनलाइन फसवणूक ओळखायचं, ट्रेनिंग दरवर्षी करते. त्यात ढसाढसा रडणारं पोर नसतं. हे लोक नेमकी हीच वेळ गाठतात.

तो डोस दिल्यावर मिरचीचा गळा आणि मानेखालचा भाग पाणी भरल्यासारखा सुजला. त्याला फोटो पाठवला तर म्हणतो हे बरं होण्याचं लक्षण आहे, आता ‘आयसीयू इन्क्युबेटर’ भाड्याने घ्या, ६०० डॉलर. नवऱ्याने माझ्या हातातून फोनच काढून घेतला आणि सकाळी आम्ही खऱ्या रेप्टाइल वेटकडे गेलो. तपासणी ९५, शीची टेस्ट ३८, एकूण १३३ डॉलर. कॉक्सिडिया नव्हतेच. सूज जास्तीच्या व्हिटॅमिनमुळे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून थेंब, पावडर सगळं त्याच दिवशी बंद करायला लावलं. मी तो ‘मेडिकल’ दिवा सोबत नेला होता, डॉक्टर बाईंनी लावला, खाली यूव्ही इंडेक्सचं मीटर धरलं. ०.०. शून्य. पिल्लू बसतं त्या जागी ३ च्या आसपास हवं. म्हणजे १४९ डॉलरच्या किटात साधा घरातला दिवा होता, आणि यूव्हीबीशिवाय शरीरात व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जीभ फेकता येत नाही आणि शिकार समोर असून पिल्लू उपाशी मरतं. तो आम्हाला वाढीचं औषध विकत होता आणि वाढायला लागतो तो उजेडच खोटा दिला.

बाईंनी जे सांगितलं त्यात एकही ‘ग्रोथ’ची बाटली नव्हती. टी५ ची (बारीक नळीची) लांब ट्यूब, पाच-सहा टक्के यूव्हीबीवाली, आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक अजिबात नको, त्यातून यूव्हीबी जातच नाही. ऊन घ्यायच्या जागी ८०-८५ फॅरनहाइट, त्याहून गरम नको, एवढंसं पिल्लू भाजून निघतं. रात्री सगळे दिवे बंद, लाल बल्ब पण नाही. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आम्हाला दुकानातून मिळत होते ते दुप्पट मोठे, म्हणून ती खातच नव्हती! उडता न येणाऱ्या फळमाश्या आणि अगदी बारीक रातकिडे (क्रिकेट) आणले, त्यांनाही आधी रताळं, गाजर, पालेभाजी खायला घालायची, मग कॅल्शियमची पावडर भुरभुरवायची. डी३ आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदाच. पाणी वाटीतलं पीत नाहीत, पानांवर स्प्रे केलेले थेंब चाटतात. शीमधला पांढरा भाग पिवळा-केशरी दिसला की पाणी कमी पडतंय समजा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी ताण घेतात, दोन पिल्लं एकत्र ठेवलीत तर छोटं कायम छोटंच राहतं. जाळीचा पिंजरा आणि आत जास्वंदाचं झाड ठेवल्यावर मिरची पहिल्यांदा नीट खायला लागली. आठवड्यातून एकदा वजन करा, किचनच्या काट्यावर नको, दागिन्यांचा पॉइंट एक ग्रॅमवाला काटा मिळतो तो घ्या.

आता तक्रारीचं. बँकेला फोन केला, पाऊण तास म्युझिक, मग बाई म्हणते तुम्ही स्वतः पाठवलेत ना, मग हे ‘अनऑथराइज्ड’ नाही, क्लेम बसत नाही. मी म्हटलं खोटा लॅब रिपोर्ट दाखवून घेतलेत, ही फसवणूक नाही तर काय? परत तेच वाक्य. सुपरवायझर मागितला, त्यानेही तेच वाचून दाखवलं. पोलीस स्टेशनला गेले तर ऑफिसर आधी विचारतो सरडा चोरीला गेलाय का. नाही म्हटल्यावर हे सिव्हिल मॅटर आहे, ऑनलाइन रिपोर्ट भरा. भरला, नंबर आला, पुढे शून्य. केंद्राच्या सायबर पोर्टलवर तासभर बसून स्क्रीनशॉट, तारखा, झेलचे रेफरन्स नंबर, सगळं घातलं, तिथून नुसती आपोआप येणारी पोच. राज्याच्या ग्राहक खात्याने कळवलं की आम्ही वैयक्तिक केस लढत नाही. वेटच्या लायसनचं बघणाऱ्यांना कळवलं तर म्हणे तो आमच्या राज्यात नाही, त्याच्या राज्यात विचारा, आणि त्याच्या राज्यातले म्हणे त्याच्याकडे लायसनच नाही तर आम्ही रद्द काय करणार! अहो लायसन नसताना औषधं देतोय हीच तर तक्रार आहे! लॅब रिपोर्टवरचा पत्ता शोधला तर तिथे लॅब नाहीच, हेही मी त्यांना कळवलं, कोणी उत्तर दिलं नाही. रक्कम लाखभर डॉलर असती तर कोणी विचारलं असतं, ५९४ साठी कोणी खुर्चीतून उठत नाही, आणि असे किती जणांचे ५९४ तो रोज घेत असेल ह्याचा हिशेब कोणालाच करायचा नाहीये.

तरी तक्रार कराच, रेकॉर्डवर तरी राहतं. आणि झेलवर अनोळखी माणसाला एक डॉलर पण नको, क्रेडिट कार्ड घेत नसेल तर तिथेच थांबा, कार्डवर निदान डिस्प्यूट टाकता येतो. डॉक्टर शोधायचा तर रेप्टाइल आणि उभयचरांच्या वेट्सची संघटना आहे, एआरएव्ही, त्यांच्या साइटवर ‘फाइंड अ वेट’ आहे, तिथून जवळचा शोधा. दिवसा डोळे मिटलेलं पिल्लू म्हणजे त्याच दिवशी वेट, मेसेज करत बसू नका. लेबल नसलेलं काहीही त्याच्या तोंडात घालू नका. आणि भारतातले जे वाचताय, तिकडे झाडावर दिसणारा आपला कॅमेलियन १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो कोणी विकत असेल तर घेणं हाही गुन्हाच, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका.

पुण्याला आईला अजून सांगितलेलं नाही, रुपयांत पन्नास हजारांच्या आसपास होतात आणि तेही सरड्यावर, मला ते ऐकून घ्यायची ताकद नाही. इथे लिहितानाही लाज वाटतेय. पण लिहावं लागलं, कारण परवा तोच माणूस नवीन नावाने दिसला, आणि त्याने ‘आधी-नंतर’ म्हणून जो फोटो टाकलाय त्यातला ‘आधी’चा फोटो आमच्या मिरचीचा आहे, मी कन्सल्टेशनसाठी पाठवलेला. ‘नंतर’चा कुठल्यातरी भल्या थोरल्या नराचा, टाचेवर काटा स्पष्ट दिसतोय. मिरचीच्या फोटोत मुलीचा हात आहे, मनगटावर लाल धागा. तो फोटो कुठेही दिसला तर त्या पोस्टला रिपोर्ट करा आणि स्क्रीनशॉट मला पाठवा, मी प्रत्येक तक्रारीला तो जोडतेय.