गेटवरचे ॲप : पाहुण्यांसाठी चांगले, मावशींसाठी अन्यायाचे

गोरेगावातील आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी गेटवरची जाडजूड वही बंद करून ये-जा नोंदवणारे ॲप घेतले. वर्षभर ते रोज वापरल्यानंतर हे लिहीत आहे. पाहुणे, कुरिअर आणि टॅक्सी यांच्यापुरते ते उत्तम चालते. कोणी आले की फोनवर विचारणा येते, आपण होकार दिला की वॉचमन त्यांना आत सोडतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना याचा मोठा आधार आहे.

माझी हरकत आहे ती त्यातील ‘मदतनीस’ या विभागाला. इमारतीत घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईचे तेथे एक पान असते. त्यावर तिचा फोटो, ती कोणकोणत्या फ्लॅटमध्ये जाते, किती वाजता आली, किती वाजता गेली, महिन्यात किती खाडे झाले आणि रहिवाशांनी तिला किती तारे दिले, हे सारे कोणत्याही सभासदाला दिसते. जिच्याबद्दल हे लिहिले आहे तिला मात्र दिसत नाही. तिच्या वाट्याला येतो तो फक्त गेटवरच्या यंत्रात दाबायचा एक आकडा.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी एकदा विचारले, “ताई, यात माझ्याबद्दल काय लिहिलंय?” मी पान उघडून दाखवले. तीन तारे, आणि खाली एका घराने लिहिलेला ‘अनियमित’ हा शेरा. मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या तेव्हाचे दोन दिवस आणि मुलीच्या तापाचे दोन दिवस, एवढेच त्यांचे त्या महिन्यातले खाडे होते. मावशी शेऱ्यापेक्षा फोटोकडेच बराच वेळ पाहत राहिल्या. पदर नीट करायलाही न सांगता वॉचमनने तो गेटवर उभ्याउभ्याच काढला होता. पुढे दुसऱ्या विंगमधील एका नव्या कुटुंबाने हेच तारे पाहून त्यांना ठरल्यापेक्षा कमी पगार सांगितला. शेऱ्याला उत्तर देण्याची जागाच नसल्यामुळे, पावसाची आणि तापाची हकीकत त्या कुटुंबापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

दुसरी गोष्ट सामानाची. घरातून काही दिले तर ॲपवर तशी परवानगी नोंदवावी लागते. होळीला मी पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि नोंद करायची विसरले. चूक माझी होती, पण चारचौघांत पिशवी उघडून डबा दाखवावा लागला तो मावशींना. त्याच वेळी त्याच गेटमधून मोठ्या बॅगा घेऊन बाहेर पडणाऱ्या एकाही रहिवाशाला कोणी थांबवले नाही.

हे ॲप बनवणाऱ्यांच्या मनात कोणाचा अपमान करण्याचा हेतू असेल, असे मला वाटत नाही. विषमता पुष्कळदा कामाच्या सोयीचे रूप घेऊनच येते, आणि मुंबईला याचा जुना अनुभव आहे. येथील कापड गिरण्यांत दलित कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत. मागावर आडवा धागा फिरवणाऱ्या धोट्यात धाग्याची नवी कांडी (रीळ) बसवली की तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दलित कामगाराच्या ओठांना लागलेला धोटा तोंडाला लावण्यास सवर्ण कामगार तयार नसत. वरवर पाहता प्रश्न एका धाग्याचा होता. प्रत्यक्षात त्यामुळे हजारो घरांची कमाई कमी राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली होती. संप मजुरीसाठी असला, तरी ज्या खात्याचे दारच बंद आहे तेथील मजुरी वाढून दलित कामगाराच्या हाती काय येणार, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता.

आमच्या ॲपमध्येही नोंद करणारा, शेरा देणारा आणि परवानगी देणारा एकाच बाजूला आहे. कायदाही या बाजूला अजून तोकडाच पडतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण भरपगारी सुट्टी मिळणार की खाडा धरून पैसे कापले जाणार, हे आजही बहुतेक ठिकाणी घरमालकिणीच्या मर्जीवर ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारात घरकामगारांना आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती सांगितली आहे. आमच्या इमारतीत रविवारीही सकाळी सातला गेटवर बायकांची रांग असते आणि त्या दिवशीचा खाडाही ॲप न चुकता मोजते.

ॲपच्या ग्राहक सेवेकडे मी तक्रार केली. तारे, शेरे आणि ये-जा इतरांना दिसणे, हे सोसायटीच्या कमिटीला बंद करता येते, असे त्यांनी कळवले. म्हणजे हा भाग आम्ही सभासदांनीच चालू ठेवला आहे. इतर सोसायट्यांनी हे ॲप घेताना ही सोय पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी आणि प्रत्येक मदतनीस बाईला तिचे पान तिच्या फोनवर दिसेल, अशी मागणी कंपनीकडे करावी. आमच्या कमिटीला मी लेखी अर्ज दिला आहे आणि तो पुढच्या सर्वसाधारण सभेत चर्चेला येणार आहे. तोपर्यंत माझे पाचपैकी दोन गुण, आणि तेही पाहुण्यांच्या सोयीपुरतेच.